अवयव पाडून वर्गसमीकरण सोडविणे : अध्यापनातील एक दुर्लक्षित पायरी

प्रस्तावना

बारामती व इंदापूर तालुक्यांतून महाविद्यालयाच्या प्रथम वर्षास येणाऱ्या विद्यार्थ्यांस वर्गसमीकरण नवे नसते. बालभारतीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकातील दुसरे प्रकरण याच विषयावर आहे. अवयव पद्धती, पूर्ण वर्ग पद्धती आणि सूत्र पद्धती या तिन्ही रीती विद्यार्थ्याने गिरविलेल्या असतात. तरीही पदवीच्या वर्गात, मग तो विज्ञानाचा असो की वाणिज्याचा, ठरावीक चुका पुन:पुन्हा समोर येतात. या चुकांचे मूळ विद्यार्थ्याच्या आळसात नसून अवयव पद्धती ज्या क्रमाने शिकविली जाते त्या क्रमात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची मांडणी या लेखात केली आहे.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी लेखकाच्या स्वत:च्या वर्गातील एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. आपल्या भागातील मुलांना जमिनीची भाषा घरातूनच अवगत असते. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे त्यांना सांगावे लागत नाही. म्हणून वर्गात पुढील उदाहरण दिले : दोन गुंठ्यांच्या आयताकृती प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा ३३ फूट जास्त आहे, रुंदी किती? रुंदी क्ष मानल्यास क्ष² + ३३क्ष − २१७८ = ० हे समीकरण मिळते. त्याचे अवयव (क्ष + ६६)(क्ष − ३३) असल्यामुळे रुंदी ३३ फूट येते. वर्गाने ते चटकन सोडविले. त्या उत्साहात फळ्यावर लगेच दुसरे उदाहरण लिहिले : प्लॉट एक गुंठ्याचा, लांबी रुंदीपेक्षा १० फूट जास्त. समीकरण झाले क्ष² + १०क्ष − १०८९ = ०.

हे उदाहरण लेखकाने आधी तपासलेले नव्हते. नीरा डाव्या कालव्याकाठच्या गावातून येणारी एक विद्यार्थिनी तास संपेपर्यंत १०८९ चे अवयव शोधत राहिली. १ व १०८९, ३ व ३६३, ९ व १२१, ११ व ९९, ३३ व ३३ या सर्व जोड्या तिने ओळीने लिहिल्या होत्या आणि शेवटी त्याखाली 'चुकले' असे लिहून वही मिटली होती. वस्तुत: तिचे काहीच चुकले नव्हते. ज्यांतील फरक १० आहे अशी जोडी अस्तित्वातच नाही, हे तिने पूर्णपणे सिद्ध केले होते. हे सिद्ध करणे हेही गणितच आहे, असे तिला कोणीच सांगितले नव्हते, लेखकानेही नाही.

शून्याचा गुणधर्म

अवयव पद्धतीचे शिक्षण बहुधा 'गुणाकार अमुक, बेरीज तमुक अशा दोन संख्या शोधा' या वाक्याने सुरू होते. पद्धतीचा खरा पाया मात्र त्यात नाही. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे, हा तो पाया होय. पुस्तकात हे वाक्य असते, शिक्षकही ते उच्चारतो. परंतु त्यावर एकही उदाहरण न सोडविता वर्ग पुढे सरकतो.

परिणाम असा होतो की (क्ष − ३)(क्ष − ५) = ८ हे समीकरण दिले असता विद्यार्थी क्ष − ३ = ८ आणि क्ष − ५ = ८ असे लिहून ११ व १३ ही उत्तरे काढतो. क्ष = ११ ठेवल्यास डावी बाजू ८ × ६ म्हणजे ४८ होते, हे पाहण्याची सवय त्याला नसते. खरी मुळे १ व ७ आहेत. आठ हा गुणाकार दोन व चार, एक व आठ, किंवा अर्धा व सोळा अशा अगणित रीतींनी मिळतो, त्यामुळे त्यावरून एकेका अवयवाविषयी काहीच निश्चित करता येत नाही. ही सोय केवळ शून्याला आहे, आणि म्हणूनच सर्व पदे एका बाजूस आणून दुसऱ्या बाजूस शून्य ठेवावयाचे असते. एवढे एकदा उमगले की क्ष² = ७क्ष मध्ये दोन्ही बाजूंस क्ष ने भागून ० हे मूळ गमावण्याची चूकही कमी होते, असा अनुभव आहे.

हा गुणधर्म गृहीत धरण्याइतका क्षुल्लक नाही, हे घड्याळावरून दाखविता येते. बारा तासांच्या घड्याळात १२ म्हणजेच ०. तेथे ३ × ४ = ० होते; मात्र ३ ही शून्य नाही आणि ४ ही नाही. त्यामुळे (क्ष − ३)(क्ष − ४) = ० या समीकरणास तेथे ३ व ४ यांखेरीज ० आणि ७ अशी आणखी दोन मुळे मिळतात. वर्गसमीकरणाला चार मुळे! बीजगणित हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास पुढे पूर्णांकी प्रांताची व्याख्या शिकताना नेमके हेच पुन्हा भेटते, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

मधल्या पदाची फोड

६क्ष² + क्ष − १२ यासारख्या राशीत ६ व −१२ यांचा गुणाकार −७२ करून ९ व −८ या संख्या शोधावयाच्या, हे सर्वांस पाठ असते. हा गुणाकार का करावयाचा, याचे उत्तर क्वचितच मिळते. कारण अवघ्या दोन ओळींचे आहे. (त·क्ष + थ)(द·क्ष + ध) यांचा गुणाकार केल्यास पहिला सहगुणक त·द, स्थिर पद थ·ध आणि मधल्या पदाचे दोन तुकडे त·ध व थ·द असे येतात. या दोन तुकड्यांचा परस्पर गुणाकार त·द·थ·ध, म्हणजेच पहिल्या सहगुणकाचा व स्थिर पदाचा गुणाकार होय. मधले पद फोडणे म्हणजे गुणाकारात एकत्र झालेले हे दोन तुकडे पुन्हा वेगळे करणे. क्ष² + ५क्ष + ६ साठी कागदाचा आयत कापून २क्ष व ३क्ष या दोन पट्ट्या दाखविल्या तरी हेच दिसते.

किती समीकरणे अशी सुटतात?

क्ष² + ब·क्ष + क = ० यात ब व क यांस १ ते १० पर्यंतच्या पूर्णांक किमती दिल्या तर एकंदर शंभर समीकरणे होतात. त्यांपैकी पूर्णांक अवयव पडतात अशी केवळ १४ आहेत. वाचकाने स्वत: मोजून पाहावे. पाठ्यपुस्तकाच्या अवयव पद्धतीच्या सरावसंचात मात्र, स्वाभाविकपणे, प्रत्येक उदाहरण या चौदांच्या जातीचे असते. सराव जितका अधिक, तितका 'समीकरण म्हटले की अवयव पडतातच' हा समज दृढ होतो. विवेचक ब² − ४अक हा पूर्ण वर्ग असेल तरच परिमेय अवयव पडतात, ही कसोटी पुस्तकात सूत्र पद्धतीनंतर मुळांच्या स्वरूपासाठी येते. तिचे स्थान अवयव पाडण्याच्या आधी असावे. वरील प्लॉटच्या समीकरणाचा विवेचक १०० + ४३५६ = ४४५६ आहे. ६६ चा वर्ग ४३५६ आणि ६७ चा ४४८९. म्हणजे हा पूर्ण वर्ग नव्हे. एवढे अर्ध्या मिनिटात कळले असते तर ती वही मिटली नसती.

भास्कराचार्यांची वानरे

आपल्या परंपरेत वर्गसमीकरणाच्या रीतीस 'मध्यमाहरण' म्हणजे मधले पद घालविणे असे नाव होते. आपण वर्गात मधले पद फोडतो, भास्कराचार्य ते पूर्ण वर्ग करून घालवीत. त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो व उरलेली १२ वानरे टेकडीवर आहेत. समीकरण क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०; मुळे ४८ व १६, दोन्ही ग्राह्य. दुसऱ्यात पंचमांशातून ३ वजा करून केलेला वर्ग गुहेत गेला आणि एक वानर फांदीवर दिसते. येथे मुळे ५० व ५ येतात. परंतु ५ चा पंचमांश १ व त्यातून ३ वजा केल्यास −२ उरते, म्हणून भास्कराचार्यांनी ५ ही उकल त्याज्य ठरविली. ५ ही संख्या ऋण नाही, तरीही ती टाकली, हे लक्षणीय आहे. आपला विद्यार्थी −६६ फूट ही रुंदी 'ऋण आहे' म्हणून यांत्रिकपणे खोडतो. उकल मूळ प्रसंगात ठेवून पाहणे ही त्याहून निराळी शिस्त आहे आणि ती या उदाहरणाने उत्तम शिकविता येते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये मांडलेली रीत या दोहोंच्या मधली आहे. तिच्यातील घटक प्राचीन असल्याचे त्यांनी स्वत:च नमूद केले आहे. दोन मुळांची बेरीज ६४ असेल तर त्यांची सरासरी ३२. म्हणून मुळे ३२ + य आणि ३२ − य. त्यांचा गुणाकार १०२४ − य² = ७६८, म्हणून य² = २५६, य = १६, आणि मुळे ४८ व १६. यात जोड्या चाचपडणे नाही. शिवाय अवयव पूर्णांकात पडोत वा न पडोत, रीत बदलत नाही.

पुढील तासास हीच रीत प्लॉटच्या उदाहरणास लावली. मुळांची बेरीज −१०, सरासरी −५; २५ − य² = −१०८९, म्हणून य² = १११४. (हे भास्कराचार्यांचे जन्मवर्ष आहे, हा निव्वळ योगायोग, वर्गाला मात्र तो फार आवडला.) य ची किंमत सुमारे ३३.३८ आणि रुंदी सुमारे २८.३८ फूट. दशांश अपूर्णांक पाहून काही विद्यार्थी साशंक झाले. तेव्हा त्या विद्यार्थिनीने ०.३८ फुटाचे इंच केले आणि सांगितले की टेपवर ते २८ फूट साडेचार इंच येईल, लांबी ३८ फूट साडेचार इंच.