तिसगावहून कळसूबाईला

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. समुद्रसपाटीपासून उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. सह्याद्रीच्या या माथ्यावर कळसूबाईचे छोटेसे देऊळ आहे आणि तिथवर पायी चढूनच जावे लागते. शिखर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येते. पाथर्डी तालुक्यातले तिसगावही याच जिल्ह्यातले, पण पार दुसऱ्या टोकाचे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक. त्यामुळे तिसगावकराला आपल्याच जिल्ह्यातल्या या देवीला जायचे तर जवळजवळ दोनशे किलोमीटरचा प्रवास पडतो.

तिसगावच्या माणसाला डोंगरावरचे देव नवे नाहीत. गर्भगिरीच्या रांगेत वृद्धेश्वर आहे, मढीला कानिफनाथ, मायंब्याला मच्छिंद्रनाथ, पलीकडे मोहटादेवी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा भरते तेव्हा तिसगावचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. या ठिकाणी गाडी देवळाच्या जवळपास पोहोचते, उरतात त्या पायऱ्या. कळसूबाईला गाडी बारी या पायथ्याच्या गावात थांबते आणि पुढे साधारण सहा-साडेसहा किलोमीटरची उभी वाट असते. सवय असलेल्याला चढायला तीन तास पुरतात; घरच्या मंडळींना घेऊन जाणाऱ्याने चार तास धरावेत. उतरायला अडीच-तीन तास. म्हणजे दर्शन आणि विसावा धरून पुरा एक दिवस डोंगराचा.

आखणीची सुरुवात या दिवसापासून करून मागे यावे. दुपारच्या आत माथा सोडायचा, हा पहिला नियम. त्यासाठी बारीतून पहाटे साडेपाच-सहाला निघायला हवे. तिसगावहून करंजी घाट ओलांडून अहिल्यानगर, पुढे राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी अशी वाट धरली, तर चहा-नाश्त्यासकट पाच-सहा तास जातात. रात्री बाराला निघून पहाटे चढाईला लागणारे पुष्कळ असतात. त्यांची खरी दमणूक डोंगरावर होत नाही, ती गाडीतच झालेली असते. न झोपलेल्या पायांनी शिडी चढणे धोक्याचे. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच निघून बारीत किंवा भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत मुक्काम करणे हेच शहाणपणाचे. बारीत घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते. गावातलाच वाटाड्या घेतला तर वाट चुकत नाही आणि चार पैसे गावात राहतात. एसटीने जायचे असेल तर गाड्या बदलाव्या लागतात, त्यामुळे मुक्काम टळतच नाही.

महिना कोणता निवडावा, हा प्रश्न तिसगावकरासाठी जरा फसवा आहे. पाथर्डी तालुका पर्जन्यछायेत येतो. पावसाची वाट पाहण्यात तिथला आषाढ-श्रावण जातो. त्याच दिवसांत अकोल्याच्या पश्चिम भागात धो-धो पाऊस कोसळत असतो. घाटघरला तर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. तिसगावातले कोरडे आभाळ पाहून निघालेला माणूस बारीत पोहोचतो तो ढगात. जुलै-ऑगस्टमध्ये वाट निसरडी होते, ओढे फुगतात आणि माथ्यावरचा वारा माणसाला ढकलतो. शिवाय शनिवार-रविवारी गर्दी इतकी लोटते की शिडीखाली रांग लागते. गर्दीच्या दिवसांत प्रशासन कधी कधी निर्बंधही घालते; निघण्याआधी चौकशी करावी. एप्रिल-मे महिन्यांत खडक तापतो आणि पाण्याची चणचण भासते. सप्टेंबरअखेरीस सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरतात, पण परतीच्या पावसाची वीज दुपारनंतर केव्हाही कडाडू शकते. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या ही विजेच्या वेळी सर्वांत वाईट जागा. दुपारच्या आत माथा सोडण्याचे कारण हेच. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. नवरात्रात देवीचा उत्सव असतो, पंचक्रोशीतली माणसे वर येतात; भक्तीने जाणाऱ्याला ते दिवस मोलाचे, मात्र त्याने वेळ दीडपट धरावा.

या देवीची कथा कामाच्या माणसाची आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी राबत होती. केर काढणे आणि भांडी घासणे ही दोन कामे सांगायची नाहीत, अशी तिची अट होती. एकदा घरी पाहुण्यांची रीघ लागली आणि पाटलाने अट मोडली. कळसू रागावून डोंगरावर निघून गेली, ती तिथेच राहिली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, अशी ठिकाणांची नावे लोक सांगतात. दिलेला शब्द मोडला म्हणून घर सोडणाऱ्या या मुलीला राज्यातले सर्वांत उंच देऊळ मिळाले, ही गोष्ट चढताना सोबतच्या मुलांना जरूर सांगावी.

वाट बारीतून निघते, ओढा ओलांडते, भाताच्या खाचरांच्या कडेने जाते. सुरुवातीलाच देवीचे एक देऊळ लागते. ज्यांना वर जाणे झेपत नाही, त्यांचे दर्शन तिथेच होते. गुडघेदुखीचा किंवा हृदयविकाराचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना तिथवर नेऊन आणावे, त्यात कमीपणा नाही. पुढे चढ उभा होत जातो आणि कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिडी चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत, चौथाच हलवावा. हातात काठी, मोबाइल किंवा पाण्याची बाटली नको. सगळे पाठीवरच्या पिशवीत. उतरताना तोंड शिडीकडेच ठेवावे. पाठ करून, पायऱ्या उतरल्यासारखे उतरणारेच घसरतात. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे, पण पाण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

माथ्यावरचे देऊळ इतके छोटे की गाभाऱ्यात जेमतेम दोन-तीन माणसे मावतात. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट, दक्षिणेकडे रतनगड आणि लांबवर हरिश्चंद्रगड, खाली भंडारदरा धरणाचे पाणी. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. हीच प्रवरा पुढे अकोले, संगमनेर, राहुरीची शेती भिजवते. तिसगावहून येताना गाडी बराच वेळ तिच्याच खोऱ्यातून आलेली असते.

उंचीची धास्ती मात्र बाळगू नये. हवा विरळ झाल्याने होणारे डोकेदुखी, मळमळ हे त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतात. कळसूबाईवर दम लागतो तो चढामुळे. उलट केदारनाथ ३५८३ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि गौरीकुंडापासून चालही साधारण सोळा किलोमीटरची. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणून वाटेत मुक्काम करून शरीराला सवय द्यावी लागते. पुढेमागे केदारनाथ करायचे मनात असेल, तर आपल्या पायांची आणि दमाची परीक्षा आधी कळसूबाईवर घ्यावी. थंडीचे गणित सोपे आहे: हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. अहिल्यानगर शहर ६५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे माथा शहराहून सहा-सात अंशांनी गार. त्यात वारा. डिसेंबरात स्वेटर आणि कानटोपी हवीच.

तयारी महिनाभर आधी सुरू करावी. तिसगावकराला त्यासाठी गर्भगिरी हाताशी आहे. आठवड्यातून दोनदा वृद्धेश्वराच्या किंवा मायंब्याच्या डोंगरात पाठीवर चार-पाच किलो वजन घेऊन दोन तास चालावे. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवावा. शब्द तुटायला लागले की चाल कमी करावी. बूट नवे असतील तर याच सरावात मऊ करून घ्यावेत, नाहीतर पहिला फोड बारीतच येतो. रबरी तळ झिजलेली चप्पल शिडीवर चालत नाही.

पिशवीत माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, भाकरी आणि कोरडी चटणी, मीठ-साखरेची पुडी, पट्टी-मलम, रोजच्या गोळ्या आणि विजेरी. वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, ताक मिळते, पण त्या रोज उघड्या असतीलच असे नाही. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. नारळाची करवंटी, अगरबत्तीचे पुडे, बाटल्या, नेले तेवढे खाली परत आणावे. माथ्यावर कचरा उचलायला रोज कोणी येत नाही.

उतरल्यावर लगेच तिसगावची वाट धरू नये. उताराने मांड्या थरथरत असतात, आणि गाडी हाकणाराही त्याच डोंगरावरून उतरलेला असतो. सुट्टी असेल तर आणखी एक रात्र शेंडीत काढून सकाळी रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी देऊळ पाहावे. तिथे गाडी दारापर्यंत जाते. सुट्टी नसेल तर डोंगर न चढलेला चालक बरोबर न्यावा आणि चढाई चालू असताना त्याला बारीत झोपू द्यावे.