कूपापासून आगारापर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील साग बल्लारशाच्या विक्री आगारात नीट रचलेला दिसतो; परंतु झाड पडल्यापासून ओंडका मालमोटारीत चढेपर्यंतच्या कष्टांकडे क्वचितच लक्ष जाते. वास्तविक याच टप्प्यात मजुरांना मोठा धोका असतो.

नुकताच तोडलेला साग पाण्यात सहसा तरंगत नाही. म्हणजेच त्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे १,००० किलो भरते. उतारावर सुटलेला असा ओंडका हातांनी आवरत नाही. म्हणून मजुरांनी चढाच्या बाजूस उभे राहावे, दगड वा पाचर लावून ओंडका अडवावा आणि मगच पहार घालावी. मालमोटारीत भरताना तो तिरप्या वाशांवरून दोरांनी वर ओढतात. दोन्ही दोर सारख्या गतीने ओढले जावेत आणि ओंडक्याखालच्या बाजूस कोणीही थांबू नये.

ओढणीची वाट आधीच आखणे अगत्याचे आहे. ओंडके वाटेल तेथून ओढल्यास रोपे मोडतात व पडलेल्या चरांतून पावसाळ्यात माती वाहून जाते.

इमारती लाकडाच्या वाहतुकीचे नियमन भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ अन्वये होते. ज्या मालास वाहतूक परवाना आवश्यक आहे, तो परवान्यावाचून हलवू नये.

गावच्या जागेतील झाडे तोडण्यास देताना ग्रामपंचायतीने दोर, पाचरी व ओढणीची वाट यांविषयीच्या अटी करारनाम्यातच घातल्या, तर लाकडाच्या किमतीबरोबर मजुरांच्या जीविताचीही राखण होईल.