वरच्या टेम्सवर मुक्काम शोधताना

नदीवर सुट्टी म्हणजे दिवसभर बोट चालवायची, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात बोट चालवणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरं काम दुपारी दोनच्या सुमाराला सुरू होतं. तेव्हा सुकाणूवर उभा असलेला माणूस पुढच्या पाण्याइतकाच काठही न्याहाळायला लागतो आणि बोटीवरची बोलणी कमी होतात. रात्री कुठे थांबायचं, हे ठरवायचं असतं. ती जागा चांगली मिळाली तर आठवणीत तीच राहते. दिवसभरात किती मैल कापले ते कोणी सांगत बसत नाही.

हे मी इंग्लंडमधल्या वरच्या टेम्सवर पाहिलं. ऑक्सफर्डपासून लेचलेडपर्यंतचा हा टापू सुमारे पन्नास किलोमीटरचा आहे. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी स्विंडनला राहतात आणि उन्हाळ्यात नॅरोबोट भाड्याने घेऊन इथे येतात. त्यांच्याबरोबर मी गेलो. माझं गाव दाभोळच्या खाडीवर, त्यामुळे होडी, नांगर, दोर यांची ओळख लहानपणापासूनची. तरी इथली नदी वेगळं शिकवते.

नॅरोबोट ही मुळात कालव्यांची बोट. इंग्लंडच्या मध्यभागातले बरेचसे जुने लॉक, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाज्यांचे हौद, सात फूट रुंदीचे बांधले गेले, म्हणून या बोटी जेमतेम दोन मीटर रुंद असतात. लांबी मात्र आमच्या बोटीची सतरा मीटर होती, म्हणजे आपल्या एसटीच्या जवळजवळ दीडपट. सगळी पोलादी, पंधरा टनांच्या आसपास वजन. ऑक्सफर्ड कालव्यातून ड्यूक्स कट नावाच्या छोट्या फाट्याने ती टेम्समध्ये उतरते. हा फाटा १७८९ सालचा आहे. त्याच्या तोंडातून बाहेर पडलं की डावीकडे लंडन आणि उजवीकडे नदीचा उगम. दादाने सुकाणूचा दांडा डाव्या अंगाला रेटला आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, संथपणे उजवीकडे वळली. दांडा जिकडे रेटाल त्याच्या उलट बोट जाते, हे पहिला तासभर हाताला पटत नाही.

वरचा टापू शांत का आहे, याचं एक कारण अगदी ठोस आहे. ऑक्सफर्डमधल्या ऑस्नी पुलाखाली उंची जेमतेम सव्वादोन मीटर आहे. खालच्या अंगाच्या, हेन्लीकडच्या मोठ्या, दुमजली बोटी त्याखालून जाऊच शकत नाहीत. एका बुटक्या पुलाने एवढ्या नदीची राखण केली आहे. त्याच्या वर राहतात त्या नॅरोबोटी, लहान बोटी, डोंगी घेऊन आलेली माणसं आणि मासे धरणारे.

तरीही सगळीकडे शांतता आहे असं नाही. सुरुवातीचे काही मैल हमरस्त्यांचा आवाज पाठ सोडत नाही. पिंकहिल लॉक आणि फार्मूरचा तलाव मागे पडला की कान मोकळे व्हायला लागतात. बॅब्लॉक हाइदला पुन्हा वस्ती. नॉर्थमूर लॉक, मग न्यूब्रिज. नावात ‘नवा’ असला तरी हा पूल तेराव्या शतकातला आहे. तिथून शिफर्डकडे निघालं की गावं नदीपासून दूर जातात. कुरणं, वाळकी विलो झाडं, अधूनमधून गवतात बसलेली काँक्रीटची चौकोनी ठाणी. १९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ती नदीच्या ओळीने बांधली होती. आता त्यांच्या खिडक्यांतून खाजऱ्या झुडपांचं रान बाहेर येतं. शिफर्डचा लॉक १८९८ सालचा. माझ्या मते मुक्कामाला सगळ्यात चांगला भाग त्याच्या आसपासचाच आहे. त्याच्याही वर, रशी आणि रॅडकॉटच्या बाजूला नदी तितकीच देखणी आहे, पण उत्तरेला ब्राइझ नॉर्टन हा हवाई दलाचा तळ आहे आणि मोठी मालवाहू विमानं डोक्यावरून जातात. नकाशात हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

काठ कसा वाचायचा, ते दादाकडून शिकण्यासारखं आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल असतं, कारण प्रवाह तिकडेच जोर लावतो. पण तोच काठ पोखरलेला असतो, वरून घट्ट दिसला तरी खाली पोकळ. आतल्या अंगाला गाळ आणि वाळू, तिथे बोट टेकते. म्हणून सरळ पात्र पाहायचं. लव्हाळं दाट असेल तर पाणी उथळ. पिवळी कमळं असतील तर पाणी संथ आहे, पण त्यांचे देठ पंख्यात गुंततात. गुरं पाण्यावर उतरतात ती जागा लांबूनच ओळखू येते: काठ तुडवून उतरता झालेला, तळाला खडे. तिथे सोय वाटते, पण बोट लागत नाही, आणि संध्याकाळी सगळा कळप येऊन उभा राहतो. इथली तरणी गुरं फार चौकस असतात. दोर चाटतात, त्याला मान घासतात.

“दादा, ही जागा?” मी एकदा विचारलं. झाडाखाली सावली होती, समोर पाण्यावर ऊन.

“विलो आहे रे ती. वारा सुटला की फांदी खाली येते. आणि रात्रभर छपरावर पाखरं.”

त्याने तिकडे पाहिलंही नाही. थोडं पुढे काठभर गुलाबी फुलं आली. उंच, माणसाच्या खांद्याला लागतील एवढी. मला ती ओळखीची वाटली, कारण ती आपल्या तेरड्याच्याच कुळातली आहेत. हिमालयातला हा तेरडा १८३९ साली बागेसाठी म्हणून इंग्लंडमध्ये आणला गेला. शेंगा तडकून बी लांब उडतं आणि नदी ते पुढे नेते. आता तो मैलोन्‌मैल पसरला आहे. दिसायला सुरेख, पण मुळं अगदी वरवरची. हिवाळ्यात झाड मरतं, काठ उघडा पडतो आणि पुराचं पाणी माती ओढून नेतं. अशा भुसभुशीत काठात बोट बांधायची मेख धरत नाही. दादा म्हणाला, “फुलं बघायची आणि पुढे जायचं.”

आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे जमिनीचा मालक. कालव्यावर हा प्रश्न फारसा येत नाही: कालव्याकाठची वाट बहुतेक ठिकाणी कालव्यांची देखभाल करणाऱ्या ट्रस्टची असते आणि मनाई नसेल तिथे चौदा दिवसांपर्यंत थांबता येतं. टेम्सवर तसं नाही. नदीतून जायचा आणि वाजवी वेळ थांबायचा हक्क सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याच्या काठाला दोर बांधायचा हक्क त्यात येत नाही. काठ शेतकऱ्याचा असतो. काही जण पाटी लावून मनाई करतात, काही जण संध्याकाळी येऊन थोडे पैसे घेतात, काही जण काहीच म्हणत नाहीत. काही लॉकजवळ आणि पुलांजवळ ठरवून दिलेल्या जागा आहेत. त्या रीतसर असतात, पण तिथे शेजार असतो. ज्याला एकांत हवा त्याने पाटी वाचायची, कुणी भेटलं तर विचारायचं आणि नकार आला तर दोर गोळा करायचा. रुसून चालत नाही.

जागा पसंत पडली की खरं कौशल्य सुरू होतं. नदीत बोट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून लावायची. आम्ही वर चाललो होतो, म्हणजे तोंड आपोआप तिकडेच होतं. परतीच्या वाटेवर मात्र आधी बोट फिरवून घ्यावी लागते: वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी मंद असतं तिथे नाळ हलकेच घालायची आणि प्रवाहाला मागची बाजू खाली ओढू द्यायची. अरुंद पात्रात सतरा मीटरची बोट फिरताना बघायला छान वाटते, फिरवणाऱ्याला घाम फुटतो. आणखी एक भान ठेवायचं. पंखा फिरत असतो तोवरच सुकाणूला पाणी मिळतं. इंजिन मोकळं सोडलं की पंधरा टन पोलाद कुणाचं ऐकत नाही.

वहिनी नाळेवर उभ्या होत्या, हातात लांब वासा. काठापासून दोन हातांवर आल्यावर त्यांनी तो तळाला टेकवून खोली घेतली. बोटीला साठ-सत्तर सेंटिमीटर पाणी लागतं. वासा त्याहून अधिक बुडाला तरच पुढे. मग त्या दोर घेऊन उतरल्या. उडी मारायची नाही, हा नियम त्या पाळतात. बोट काठाला लागेपर्यंत थांबायचं आणि पाऊल टाकायचं.

पहिला दोर कायम वरच्या बाजूचा, म्हणजे नाळेचा. मागचा दोर आधी आवळला आणि नाळ मोकळी राहिली, तर प्रवाह नाळेच्या आतल्या अंगाला घुसतो, तिला बाहेर ओढतो आणि बोट नदीत आडवी होते. मग ती माणसाच्या ताकदीने परत येत नाही. म्हणून वहिनींनी आधी पुढचा दोर तात्पुरता अडकवला. मी हातोडा आणि लोखंडी मेख घेऊन गवतात. मेख सरळ ठोकायची नाही; तिचं डोकं बोटीपासून लांब कललेलं हवं, म्हणजे ओढ बसली की ती वर न येता जमिनीला अधिक धरते. माती मऊ असेल तर दोन मेखा एकमेकींना छेदतील अशा. दोन्ही दोर बोटीच्या टोकांपासून तिरपे, पुढचा पुढे आणि मागचा मागे, साधारण पंचेचाळीस अंशांत. मग एखादी बोट वेगाने गेली तरी आपली मागेपुढे झोके घेत नाही. ते झोकेच मेखा उपटतात. दोर मेखेतून ओवून पुन्हा बोटीवर आणायचा आणि तिथेच गाठ मारायची, म्हणजे गरज पडली तर चिखलात न उतरता सोडता येतो. मेखेवर पांढरी पिशवी बांधायची, नाहीतर पहाटे चालायला आलेला माणूस अडखळतो.

दोर किती ढिला ठेवायचा, यावर आमचं थोडं बोलणं झालं. दाभोळला आम्ही भरती-ओहोटीचा हिशोब करून लांब दोर सोडतो. तसा नाही सोडला तर होडी उताराला लटकते. टेम्सची भरती टेडिंग्टनपाशी संपते, इथे तिचा प्रश्न नाही. पण वर पाऊस झाला किंवा बंधाऱ्याच्या झडपा हलल्या की पातळी थोडी बदलतेच. दोर गच्च असेल तर बोट एका अंगाला कलते. म्हणून थोडा सैल, पण झोका बसणार नाही इतका. हे माप सांगता येत नाही. दोर हाताने दाबून बघायचा आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा.

या सगळ्याला अर्धा तास गेला आणि चार वाजायला आले. शेवटी दादाने इंजिन बंद केलं. दिवसभर पायाखाली थरथरणारं पोलाद थांबतं तेव्हा कान काही क्षण रिकामे होतात आणि मग एकेक आवाज आत येतो: बोटीच्या अंगाला लागणारं पाणी, लव्हाळ्यातल्या पाणकोंबडीची टकटक, लांब कुठेतरी मेंढ्या. वहिनींनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. ती पाण्याच्या इतकी जवळ असते की पातेलं धुताना हात नदीत घातल्यासारखा वाटतो. पिठलं-भात झाला. एक खंड्या समोरच्या खुंटावर बराच वेळ बसला होता.

आपली मराठी मंडळी केरळात आलेप्पीला हाऊसबोटीवर मोठ्या हौसेने जातात, मीही गेलो आहे. तिथेही संध्याकाळी बोट काठाला लावतात, कारण मग कोळ्यांची जाळी पाण्यात पडतात. पण जागा चालवणारे ठरवतात. पाहुण्याला कधी तिची निवड करावी लागत नाही. ती सुट्टी आरामाची आहे, तिला मी कमी लेखत नाही. मात्र स्वतः काठ वाचून, मेख ठोकून मिळवलेल्या मुक्कामात जी झोप लागते ती वेगळी. आपण कुठे आहोत हे अंगाला ठाऊक असतं: पाणी किती खोल, वारा कुठून, माती कशी.

जेरोम के. जेरोम यांचं ‘थ्री मेन इन अ बोट’ १८८९ साली आलं आणि टेम्सवरची सुट्टी जगभर ओळखीची झाली. पण त्यांची होडी किंग्स्टनहून निघून ऑक्सफर्डपर्यंतच आली. त्याच्या वरचा टापू वाचकांच्या वाट्याला कमी आला, नदीच्या दृष्टीने ते बरंच झालं. याच वरच्या टापूतल्या केल्मस्कॉटला कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७१ पासून नदीकाठचं घर भाड्याने घेतलं होतं. त्यांचं दफनही तिथल्याच चर्चच्या आवारात आहे. घर पाहण्यासाठी लोक थांबतात, त्यामुळे त्या गावाजवळ दुपारी जागा मिळणं कठीण जातं. घर बघायचं असेल तर सकाळीच बोट लावावी.

कुणाला जायचं मनात असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर निवडावा. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या असतात आणि लॉकपाशी थांबावं लागतं. कालव्यावरून भाड्याने घेतलेल्या बोटीला टेम्ससाठी वेगळा, थोड्या दिवसांचा परवाना लागतो आणि नांगर बरोबर हवा. दोन्ही निघण्यापूर्वी विचारून घ्या. सकाळी लवकर निघा आणि तीनला थांबा, सहाला जागा शोधणाऱ्याला उरलेली जागा मिळते. रात्री आठनंतर इंजिन चालवू नका. कालव्यांवर तसा नियमच आहे, नदीवरही तो पाळावा. निघताना मेखांची भोकं टाचेने बुजवा, मागचा दोर आधी सोडा आणि पुढचा शेवटी. आणि पाऊस झाल्यावर लॉकवर जोरदार प्रवाहाची लाल पाटी लागलेली असेल, तर बांधलेली बोट सोडू नका. पाटी उतरेपर्यंत तिथेच राहा.