विंडोज 10 गेले, लॅपटॉप अजून धडधाकट आहे

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. नोंदणी केलेल्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सवलत मिळाली, एवढेच. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत हिंजवडीला जाणाऱ्यांचा नवा लॅपटॉप कंपनीचा असतो आणि 2016-17 च्या सुमाराचा जुना कपाटात पडलेला असतो. आठव्या पिढीआधीचे इंटेल प्रोसेसर, एखाददुसरा सोडला तर, विंडोज 11 च्या यादीतच नाहीत. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेले चालते यंत्र केवळ त्यापायी भंगारात द्यायचे, हे मला पटत नाही.

मग त्यावर लिनक्स घालायचे, पण कोणते? घोळ न घालता सांगतो : लिनक्स मिंट, तेही त्याची सिनॅमन आवृत्ती. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. आईबाबांना नव्याने शिकवावे लागत नाही. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच बसवलेले असते. मिंटच्या 22 च्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. उबंटूची डावीकडची पट्टी विंडोजवाल्याला बुचकळ्यात टाकते. सवय झाली की उबंटूही उत्तमच. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स आहे, पण घरी अडलात तर मिंटची उत्तरे जास्त सहज सापडतात.

मराठीची काळजी तर सोडाच. कीबोर्ड लेआउटच्या यादीत भारताखाली मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा ‘कगप’ असे दोन्ही पर्याय आहेत. इनस्क्रिप्टमध्ये k दाबले की क, i दाबले की ग. इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांची बोटे तिथे लगेच बसतात. लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरला जाणारा ‘लोहित’ फॉन्टही मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला. आपली लिपी इथे उपरी नाही.

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांनी मात्र घाई करू नये. सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, टॅली लिनक्ससाठी बनलेलेच नाहीत. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’वर रेटून बघता येते, पण ऑर्डर अंगावर असताना तो जुगार नको. त्या कामाचे मशीन विंडोजवरच ठेवा.

बाकीच्यांनी आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ फाइल ‘बलेना एचर’ या प्रोग्रामने चढवावी. लॅपटॉप सुरू होताना एफ 12 किंवा कंपनीनुसार असेल ते बटण दाबावे आणि पेनड्राइव्ह निवडावा. काहीही इन्स्टॉल न करता अख्खी सिस्टीम समोर चालू होते. तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा आणि घरचा प्रिंटर तपासा. प्रिंटर हटून बसला तर आत्ताच कळलेले बरे.

सगळे जुळले, तरच इन्स्टॉल करा. त्याआधी फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या, कारण ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यावर मागचे काही परत मिळत नाही.