भेकाचे विष : मारक आणि तारक

गोठ्यासाठी लाकूड घेण्यास आपण नागपूरच्या लकडगंजमध्ये गेला असाल. पावसाळ्यात लाकडाची थप्पी हलविली की खालच्या ओलाव्यातून खडबडीत, फोडीफोडींच्या अंगाचा बेडूक बाहेर येतो. हाच भेक. शेणखताच्या ढिगाजवळ, गोठ्यातील दिव्याखाली व धुऱ्यावरही तो असतो. त्याला हात लागल्यास चामखीळ येते, असे समजून पुष्कळ जण त्याला दिसताच मारतात. हा समज चुकीचा आहे. चामखीळ विषाणूमुळे होते. भेकाशी तिचा संबंध नाही.

विष कोठे असते?

भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. कुत्र्याने त्याला तोंडात धरले की त्यांतून दुधासारखा चिकट स्राव पाझरतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ एबल व माख्ट यांनी १९११-१२ मध्ये एका मोठ्या भेकाच्या स्रावातून अॅड्रिनॅलिन व ब्युफॅजिन ही द्रव्ये वेगळी केली. ब्युफॅजिनचा हृदयावरील परिणाम डिजिटॅलिस या औषधासारखा असतो. आपल्या कुंपणावरील बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे विषही याच प्रकारचे काम करते.

शरीरातील प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा व पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष तो पंप बंद पाडते. त्यामुळे हृदयाच्या पेशीत कॅल्शियम वाढून हृदय जोराने आकुंचन पावते. मात्रा वाढली की ठोके अनियमित होऊन मृत्यू येतो. तणनाशकाची मात्रा चुकली तर पीकच जळते, तसेच हे आहे.

संशोधन कोठवर आले?

चीनमध्ये भेकाचा वाळविलेला स्राव ‘चान सू’ या नावाने पूर्वीपासून औषधात वापरतात. कलकत्ता विद्यापीठातील गिरी व गोम्स यांनी २००६ मध्ये आपल्याकडील भेकाच्या कातडीचा अर्क मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींवर तपासला. त्या पेशींची वाढ थांबली व त्या मरू लागल्या. परंतु काचपात्रातील यश म्हणजे रुग्णाचा इलाज नव्हे. चीनमध्ये भेकाच्या कातडीपासून बनविलेले ‘हुआचान्सू’ हे औषध स्वादुपिंडाच्या कर्करोगात नेहमीच्या औषधासोबत देऊन पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याने रुग्णांना अधिक लाभ झाला नाही.

उलट धोका मात्र सिद्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९३ ते १९९५ या काळात, कामोत्तेजक म्हणून विकला जाणारा भेकविषयुक्त पदार्थ खाल्ल्याने पाच निरोगी पुरुष आजारी पडले. त्यांपैकी चौघे दगावले. म्हणून घरात कर्करोगाचा रुग्ण असताना कोणी ‘बेडकाचे औषध’ देऊ केल्यास ते घेऊ नका. त्यात पैसा तर जातोच, पण उपचाराची वेळही निघून जाते.

आपण काय करावे?

१. भेक मारू नका. तो रात्री मुंग्या, वाळवी, भुंगेरे व इतर किडे खातो.

२. तो खाऊ नका व मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. शिजविल्याने विष जात नाही.

३. हात लागल्यास साबणाने धुवा. डोळ्यात स्राव गेल्यास भरपूर पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांकडे जा.

४. भेक चावल्यावर कुत्र्याच्या तोंडाला फेस आल्यास तोंड खाली धरून पाण्याने धुवा व पशुवैद्यकाकडे न्या.

भेकाच्या विषापासून औषध शोधण्याचे काम प्रयोगशाळेतच होऊ द्या. आपल्या शेतात त्याचे काम किडे खाण्याचे आहे. ते त्याला करू द्या.