पानिपतला बदली: बिऱ्हाड कोणत्या वस्तीत थाटावे?

बदलीचा कागद हातात पडला की घरात पहिली चर्चा होते ती पगाराची आणि दुसरी घराची. पण बदलीचे गाव पानिपत असेल, तर मराठी घरात या दोन्हींच्या आधी कोणीतरी वडीलधारे माणूस विचारतेच, "तिथं कशाला?" १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांनी तेथे एवढे गमावले की गावाचे नावच आपल्या भाषेत पराभवाचा शब्द होऊन बसले. निवडणूक हरली तरी आपण 'पानिपत झाले' म्हणतो.

आजचे पानिपत मात्र नोकरी देणारे गाव आहे. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर असलेला हा हरियाणाचा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना येथे १९९८ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याला जोडून नाफ्था क्रॅकर प्रकल्प आला. नॅशनल फर्टिलायझर्सचा खत कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र तर त्याहून जुने. शिवाय चादरी, ब्लँकेटे, गालिचे आणि सतरंज्यांचा मोठा धंदा. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढणाऱ्या गिरण्याही येथे आहेत. सोलापूर-इचलकरंजीच्या माणसाला हा व्यवसाय मुळीच परका वाटणार नाही.

तेव्हा प्रश्न जावे की न जावे हा नसतो, तर बिऱ्हाड कोठे थाटावे हा असतो आणि नेमकी येथेच चूक होते.

चूक कोठे होते?

बहुतेक घरांत पती आधी एकटा पुढे जातो. गेस्ट हाऊसमध्ये राहून, रविवारच्या एका सुट्टीत दलालाच्या स्कूटरवर बसून तीन घरे पाहतो आणि कामावर जायला जवळ व भाड्याला परवडणारे असे एक पक्के करतो. महिन्याभराने पत्नी, मुले आणि सासूबाई सामानासह येतात. मग कळते, की शाळेची बस या बाजूला येत नाही, भाजी आणायला रिक्षा करावी लागते आणि दुपारभर शेजारी बोलायला कोणी नाही.

पती घरात असतो रात्री आणि सुट्टीच्या दिवशी. घर खरे वापरतात ती दिवसभर तेथे राहणारी माणसे. म्हणून घर कामाच्या ठिकाणावरून न निवडता, घरात सर्वांत जास्त वेळ राहणाऱ्या व्यक्तीच्या दिवसावरून निवडले पाहिजे. पतीला रोज अर्धा तास जास्त प्रवास करावा लागला तर तो सहन होतो. पत्नीला रोज दहा तास एकाकी काढावे लागले, तर मात्र वर्षभरात 'बदली रद्द होते का बघा' असा सूर घरात सुरू होतो.

आधी नकाशा समोर ठेवा

पानिपतची मोठी कामाची ठिकाणे एका बाजूला नाहीत. रिफायनरी बहोली गावाजवळ, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. वीज केंद्र आसन गावाजवळ आहे. खत कारखाना गोहाना रोडवर आहे, तर कापडाचे बरेच कारखाने शहरालाच चिकटून सेक्टर २५ आणि सेक्टर २९ मध्ये आहेत.

शहराच्या मधून जुना ग्रँड ट्रंक रोड जातो. लोक त्याला 'जीटी रोड' म्हणतात. त्याच्यावरून २००८ पासून सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उड्डाणमार्ग आहे. लांबची वाहने वरून जातात आणि गावातली रहदारी खालच्या रस्त्यावर राहते. या रस्त्याने आणि रेल्वेमार्गाने शहराचे भाग पडले आहेत. घर एका बाजूला आणि मुलांची शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर अंतर थोडे असूनही रोज गर्दी पार करावी लागते. शक्यतो घर, शाळा आणि भाजीबाजार हे तिन्ही रस्त्याच्या एकाच बाजूला असावेत.

कंपनीची वसाहत

रिफायनरीच्या कायम नोकरीत असणाऱ्यांना कंपनीच्या वसाहतीचा पर्याय मिळू शकतो. तेथे दिल्ली पब्लिक स्कूलची शाळा आहे आणि देशभरातून आलेली कुटुंबे शेजारी असतात. लहान मुले असलेल्या गृहिणीला अशी वसाहत सोयीची ठरते. सगळेच बाहेरून आलेले असल्याने ओळख लवकर होते आणि मराठी घरेही सापडतात.

तोटा एकच, पण मोठा. शहर लांब राहते. पत्नीला स्वतः नोकरी करायची असेल, मुलाला अकरावी-बारावीची शिकवणी लावायची असेल किंवा घरातल्या वृद्धांना वरचेवर तज्ज्ञ डॉक्टरकडे न्यावे लागत असेल, तर हे अंतर रोज जाणवते. ठेकेदार कंपन्यांच्या किंवा पूरक उद्योगांच्या कर्मचाऱ्यांनी मात्र वसाहतीची आशा धरून थांबू नये. शहरात घर शोधण्याची तयारी ठेवूनच यावे.

मॉडेल टाउन की सेक्टर?

शहरात राहायचे ठरले, तर फाळणीनंतर वसलेले मॉडेल टाउन हे नाव आधी कानावर येते. येथे पंजाबी कुटुंबांची दोन-तीन मजली घरे आहेत. खाली मालक राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो. दुकाने, दवाखाने, शिकवण्या हाताशी असल्याने, पती सकाळी निघून गेल्यावर दिवसभर एकटीने घर सांभाळणाऱ्या स्त्रीला अशी भरलेली वस्ती बरी पडते. गाडी ठेवायला जागा कमी आणि गर्दी जास्त, हे गृहीत धरावे.

हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाने, म्हणजे पूर्वीच्या 'हुडा'ने, आखलेल्या सेक्टरांत रस्ते रुंद आहेत आणि बागांसाठी जागा राखलेल्या आहेत. सेक्टर ११ आणि १२ हे जुने व भरलेले आहेत, तर सेक्टर १३-१७ किंवा १८ च्या बाजूला थोडा मोकळेपणा मिळतो. मात्र 'सेक्टर' हा शब्द ऐकून प्रत्येक ठिकाण निवासी आहे असे समजू नये. सेक्टर २५ आणि २९ ची ओळख कारखान्यांची आहे.

महामार्गालगत अन्सल, टीडीआय अशा खासगी विकासकांच्या नव्या वसाहतीही उभ्या आहेत. अशा ठिकाणी घर पाहताना भिंतीच्या रंगाकडे कमी आणि खिडक्यांकडे जास्त पाहावे. रात्री आठ वाजता किती खिडक्यांत दिवा आहे? गल्लीत चारच घरे भरलेली असतील, तर हवा कितीही मोकळी असली तरी नव्या माणसाला तेथे करमणार नाही.

जुन्या शहरातले बाजार खरेदीला मजेचे आहेत. पचरंगा बाजारात हिंडले की गावाचे प्रसिद्ध लोणचेही कळते. पण अरुंद गल्ल्यांत सामानाचा ट्रक आणि सासूबाईंची गुडघेदुखी या दोन्हींचा विचार करावा लागतो.

दिल्लीत राहून ये-जा करावी का?

काही जणांना वाटते, कुटुंब दिल्लीत ठेवावे. तेथे पहाडगंजमध्ये नूतन मराठी शाळा आहे, महाराष्ट्र सदन आहे, गणेशोत्सव होतो, आपली माणसे आहेत. रोज पानिपतला ये-जा करणारे प्रवासी आहेतही. रेल्वेचा मार्ग थेट आहे आणि जलद गाडी थोड्या वेळात पोहोचवते.

पण हा हिशेब मार्चमध्ये मांडू नये, जानेवारीत मांडावा. डिसेंबर-जानेवारीत या भागात असे धुके पडते की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि महामार्गावर पुढची मोटार दिसत नाही. पहाटेच्या पाळीची नोकरी असेल, तर हा पर्याय विसरलेलाच बरा. दिल्ली-पानिपत वेगवान रेल्वेची योजना जाहीर झाली आहे, पण ती गाडी प्रत्यक्ष धावू लागेपर्यंत तिच्या भरवशावर घर घेऊ नये. पती-पत्नी दोघांनाही नोकरी असेल आणि एकाची दिल्लीत, तर मधल्या वाटेवरच्या सोनीपतचा विचार करता येतो. त्यात कोणा एकावरच सगळा प्रवास पडत नाही.

शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची हमखास होणारी फसगत म्हणजे शाळा. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून कुटुंब मेअखेरीस सामान बांधते. हरियाणात शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि जूनमध्ये उन्हाळ्याची सुट्टी असते. म्हणजे जुलैमध्ये शाळेत बसणाऱ्या मुलाचा दोन महिन्यांचा अभ्यास आधीच होऊन गेलेला असतो. शक्य असेल तर पतीने हिवाळ्यातच शाळेची चौकशी करावी आणि प्रवेश एप्रिलला धरावा. घरही त्या शाळेच्या आसपासच बघावे.

पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल, तर केंद्रीय अभ्यासक्रमाची शाळा सोयीची. खत कारखान्याच्या परिसरात केंद्रीय विद्यालय आहे. सरकारी नोकरीतल्या पालकांनी त्याची माहिती घ्यावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला लिपी ओळखीची असते, पण हिंदी वेगळी असते. पहिले काही महिने गुण कमी पडले तर त्याला रागावू नये. घरात मात्र मराठी बोलणे आणि वाचणे सोडू नये, कारण 'ळ' शाळेत भेटणार नाही.

रुमालाची परीक्षा

पानिपतबद्दल बोलताना हवेविषयी गप्प बसणे योग्य नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात पानिपत अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. त्याच यादीत आपले तारापूर सर्वांत वर होते, हेही लक्षात ठेवावे. रिफायनरीजवळच्या सिठाणा भागातील गावकऱ्यांची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली आणि २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने भरपाईचा आदेश दिला. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतातले पेंढे जाळल्याचा धूर साऱ्या उत्तर भारतावर पसरतो.

घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल, तर कारखाने, रंगाई केंद्रे आणि सांडपाण्याचे नाले यांच्यापासून लांबची वस्ती निवडावी. हिवाळ्यात वारा बहुधा वायव्येकडून येतो, तेव्हा त्या दिशेला जवळ धुराडे आहे का ते पाहावे. एक सोपी परीक्षाही आहे. घर पक्के करण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने गच्चीवर रात्रभर एक पांढरा ओला रुमाल वाळत घालावा आणि सकाळी तो नीट पाहावा. त्याच पहाटे तेथे उभे राहून वास घ्यावा. दुपारी दलालासोबत पाहिलेले घर आणि पहाटे एकट्याने पाहिलेले घर यांत पुष्कळ फरक असतो.

पाण्याचेही तसेच. बोअरचे पाणी जड असेल तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. एका बाटलीत पाणी आणून डाळ शिजवून पाहिली, की प्रयोगशाळेच्या आधीच निम्मे उत्तर मिळते. घराला हिवाळ्यात ऊन येते का, हेही बघा. मुंबई-पुण्याच्या माणसाला सावली प्रिय असते, पण पानिपतच्या जानेवारीत दक्षिणेकडची उन्हाची गच्ची असेल, तर सासूबाईंचा निम्मा दिवस सुखाचा जातो.

करार कागदावर

'विश्वास पानिपतच्या लढाईतच गेला' असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. भाड्याच्या व्यवहारात ते खरेच मानावे. अकरा महिन्यांचा लेखी करार, अनामत रकमेची पावती, विजेचे स्वतंत्र मीटर, पाण्याची वेळ, दरवर्षीची भाडेवाढ आणि घर सोडण्याची मुदत हे सारे कागदावर घ्यावे. भाडेकरूची पोलिस पडताळणी करून घ्यावी. पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक धुक्याचा हिवाळा पाहिल्यावरच गाव कळते.

आणि करारावर सही करण्याआधी पत्नीने दोन दिवस येऊन वस्ती पाहावी. रेल्वेचे भाडे वाचवण्याची ही जागा नव्हे. तिने संध्याकाळी सातला त्या रस्त्यावरून चालून पाहावे. मुली सायकलवरून शिकवणीहून परत येताना दिसतात का? बायका भाजीच्या गाडीभोवती उभ्या आहेत का? 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही मोहीम २०१५ मध्ये पानिपतातूनच सुरू झाली. ती गल्लीत किती पोहोचली, हे मुलीच्या आईला अर्ध्या तासात समजते.

गाव परके, पण माणसे?

येथली बोली सुरुवातीला कानाला खडबडीत लागते. साधी चौकशीही भांडणासारखी वाटते. त्याला रागाचा सूर समजू नये. महिन्याभरात तीच शेजारीण गाजराच्या हलव्याची वाटी घेऊन दारात उभी राहते. तिला परत वाटी रिकामी न देता पुरणपोळी द्यावी, इतके केले की ओळख पक्की होते.

आणखी एक गोष्ट मराठी कुटुंबाने मनात ठेवावी. १९४७ च्या फाळणीत पानिपतची जुनी मुस्लिम वस्ती पाकिस्तानात गेली आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली हजारो माणसे येथे आली. त्यांना कोणत्याही वस्तीची निवड करायला मिळाली नव्हती. जेथे छप्पर मिळाले तेथे त्यांनी माग टाकले, दुकाने मांडली आणि सणही सोबत आणले. दसऱ्याच्या दिवसांत भव्य मुखवटे धारण करून निघणारी हनुमान स्वरूपे ही त्यांचीच परंपरा. एवढेच कशाला, पानिपत-कर्नालच्या परिसरात स्वतःला १७६१ नंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणारा रोड समाज आहे. दर १४ जानेवारीला शहराबाहेरच्या काला आम स्मारकावर महाराष्ट्रातून आलेल्या लोकांबरोबर तोही जमतो.

म्हणजे हे गावच बाहेरून येऊन बिऱ्हाड थाटलेल्यांचे आहे. घर निवडताना अंतर, शाळा, हवा, पाणी यांचा हिशेब चोख करावा आणि शेवटचा कौल घरात राहणारीला द्यावा. मग भाद्रपदात त्या घरात गणपती बसला आणि आरतीला शेजारच्या भाभीजी टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या, की गावी फोन करून आजीला खुशाल सांगता येईल, "आमचं पानिपत झालं नाही, पानिपत आमचं झालं."