मुलांच्या अंगावरील पुरळ : कारणे व उपचाराची वेळ

वर्गातील एखाद्या मुलाच्या अंगावर पुरळ दिसले की, त्यास एकतर दूर बसविले जाते, किंवा ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. पुरळाची कारणे शिक्षकांस ठाऊक असल्यास हे दोन्ही प्रमाद टळतील.

उन्हाळ्यात घर्मग्रंथींची तोंडे बंद होऊन मानेवर व पाठीवर घामोळे येते. थंड पाण्याने स्नान व सैल सुती कपडे एवढ्याने ते बहुधा बरे होते. पित्ताच्या गांधी साधारणतः चोवीस तासांत विरतात. मात्र ओठ सुजल्यास वा श्वास लागल्यास मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

खरूज सूक्ष्म किडीमुळे होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती बारीक फोड येतात आणि रात्री खाज वाढते. प्रथम लागण झाल्यावर चार ते सहा आठवडे लक्षणे दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे व कपडे, अंथरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. एकट्या मुलावर उपचार केल्यास खरूज पुन्हा उद्भवते. गजकर्ण बुरशीमुळे होते. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात स्टिरॉइड असल्यास खाज तात्पुरती शमते, परंतु बुरशी पसरते.

ताप, खोकला व लाल डोळे यांमागून कानांमागे व चेहऱ्यावर पुरळ उठल्यास गोवराची शंका घ्यावी. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलास शाळेत पाठवू नये व आरोग्य केंद्रास कळवावे. दैवी कोप समजून उपचार टाळणे घातक होय. कांजिण्यांत सर्व खपल्या धरेपर्यंत मुलास घरी ठेवावे. तापासह जांभळे ठिपके उठून दाबल्याने फिके पडत नसतील, किंवा मूल गुंगीत असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

जो चट्टा खाजत नाही, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसल्यास तो कुष्ठरोग असू शकतो. त्रास होत नसल्याने मूल स्वतः तक्रार करीत नाही. ते शिक्षकांच्याच दृष्टीस पडावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतो. तो सहा ते बारा महिने घ्यावा लागतो. वेळीच आरंभ केल्यास व्यंग टळते आणि मूल नेहमीप्रमाणे शाळेत येऊ शकते.

अशा मुलाविषयी वर्गात वाच्यता न करता पालकांस एकांतात सांगावे व आरोग्य केंद्रात जाण्यास साहाय्य करावे.